यंदाचा बडग्या कोणाचा?

बर्डीकर (सोमवार, रात्री १०.१५)

पोळा आठ दिवसांवर आलाय आणि आज माझं डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

मी रोज नागपुरात मानेवाड्याहून सदरला जातो-येतो, ॲक्टिवावर. आज संध्याकाळी परतताना एका मोठ्या चौकात मला डावीकडे वळायचं होतं. लेफ्ट फ्री. तशी पाटी आहे, बाणासकट. त्या पाटीच्या बरोब्बर खाली एक मोटारसायकल उभी. त्याला जायचं सरळ, सिग्नल लाल, पण उभा डावीकडे. मी हॉर्न दिला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "भाऊ, जरा पुढं घेता का?" एवढंच म्हटलं. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढं घ्यायच्या ऐवजी साईड स्टँडवर लावली. लावली हो! मग खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली, तळहातावर ठेवली आणि अंगठ्यानं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, घोटायला लागला. समोर सिग्नलवर आकडे उलटे पडत होते, ८० पासून. मी ऐंशीच्या ऐंशी पाहिले. हिरवा लागला तेव्हा कुठे त्याचा घोटून झाला, मग तोंडात टाकला, मग स्टँड काढला. तोवर माझ्या मागं व्हॅन, स्कूलबस आणि एक ई-रिक्षा अशी रांग, आणि सगळे हॉर्न मारतात ते मला!

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. इतवारी, महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. मारबतींसोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्यानं ज्यानं लोकांना छळलं त्याचे पुतळे. गळ्यात पाटी, पाटीवर मजकूर, आणि लोक ओरडतात, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात.

तर प्रश्न असा. यंदाचा बडग्या तुमच्यावर सोपवला तर कोणाचा कराल? महागाई, भ्रष्टाचार, पुढारी हे दरवर्षीचे, ते मंडळांवर सोडा. आपल्याला रस्त्यात, बसमध्ये, मेट्रोत रोज छळणारा एक माणूस निवडायचा. एकच. यादी देऊ नका.

---

चिल्लर_पार्टी

भाऊ, तुमी त्याले पुढं घे म्हनलं हेच चुकलं. नागपुरात असं सांगितलं का मानूस मुद्दाम थांबते. काही न बोलता मांग उभं राहाचं, त्याले कटाळा आला का सोताच सरकते.

माह्या मते तरी लेफ्ट फ्रीवाल्याचाच बडग्या. त्याच्या हातात पन्नी द्या अन् पायाखाली साईड स्टँड.

---

कस्तुरी

मी मूळची पुण्याची, लग्नानंतर इकडे आले. म्हणजे मला बोलायचा हक्क आहे की नाही यावर आधी दहा प्रतिसाद येतील, ते गृहीत धरून लिहिते.

माझा बडग्या मेट्रोच्या दारातला. सुभाष नगरला चढते, बर्डीला (सीताबर्डीला) लाईन बदलते, कस्तुरचंद पार्कला उतरते. गाडी तीनच डब्यांची, त्यामुळे बर्डीला सगळी गर्दी त्याच मोजक्या दारांशी येते. दार उघडतं आणि समोर भिंत. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, असं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सांगून होतं. भिंत हलत नाही. परवा एक काका पोटाशी बॅग धरून ऐन मधोमध उभे. मी म्हटलं, "काका, मला उतरायचंय." ते म्हणाले, "उतरा ना मॅडम, कोनं पकडलं?"

आणि ते खरोखर प्रेमानं म्हणाले. हेच तर मला कळत नाही इथलं. पुण्यात असंच कोणी बोललं असतं तर मी भांडले असते. इथे हसू आलं, आणि हसता हसता दार बंद झालं. झिरो माईलला उतरून परत आले.

---

बर्डीकर

कस्तुरीताई, सुभाष नगरहून बर्डीला येणारी गाडी झिरो माईलला जातच नाही, तिथे कशा पोचल्या? बर्डीला उतरायचं होतं म्हणता...

---

कस्तुरी

ॲक्वा लाईनवर नव्हते हो, ऑरेंज लाईनवर होते. खापरीकडून येत होते त्या दिवशी, नणंदेकडून. तपशिलात अडकू नका. काका दारात होते, हे महत्त्वाचं.

---

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. एक दुरुस्ती सुचवतो. "लेफ्ट फ्री" हा आपल्या लोकांनी जन्मसिद्ध हक्क करून टाकला आहे. पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच ते वळण मोकळं. पाटी नसेल तर लाल म्हणजे लाल, डावीकडेसुद्धा. बर्डीकरांच्या चौकात पाटी होती, तेव्हा चूक त्या खर्रेवाल्याचीच. पण पाटी नसलेल्या चौकात मी लाल सिग्नलला डाव्या बाजूला थांबतो आणि मागचे मला जे ऐकवतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझा बडग्या मात्र वेगळा. पिवळा दिवा लागला की मी थांबतो. एकोणचाळीस वर्षं शाळेत मुलांना तेच शिकवलं. गेल्या महिन्यात असाच थांबलो आणि मागून एका मुलानं मोपेड माझ्या स्कूटरवर आणली. फार लागलं नाही, मागचा दिवा फुटला. पोरगा चांगल्या घरचा, उतरला, गाडी उचलून दिली, पाणी दिलं. मग अतिशय दुःखानं म्हणाला, "काकाजी, पन तुमी थांबले काहून?"

---

चिल्लर_पार्टी

मास्तर 😂 ह्याच पाटीचा बडग्या पाह्यजे. "काकाजी, थांबले काहून?"

---

वर्धा_अपडाऊन

तुमचे सिग्नल ऐंशी सेकंदांचे. आमचा सिग्नल ऐंशी किलोमीटरचा आहे.

रोज वर्धा ते नागपूर अप-डाऊन, बारावं वर्ष. सकाळी मुंबईकडून येणारी गाडी वर्ध्यात शिरते तेव्हा स्लीपरमधले लोक अर्धे झोपेत, आणि फलाटावर आम्ही तीनशे पासवाले, प्रत्येकाच्या डोळ्यापुढे नऊचं मस्टर. आमचा पास आरक्षित डब्यासाठी नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी चढतो. मग सुरू होतं ते असं. खालच्या बर्थवर कोणीतरी पांघरूण घेऊन आडवं. आमच्यातला एक म्हणतो, "रात्री दहा ते सकाळी सहा झोपायचा टाइम, आता साडेसात झाले, उठा." नियम खरा आहे. पण तो ज्यांचं रिझर्व्हेशन आहे त्यांच्या आपसातला नियम आहे, फुकट घुसणाऱ्यांचा नाही. हे आमच्यातलं कोणी कधी बोलत नाही, मीही बारा वर्षांत बोललो नाही.

बडग्या म्हणाल तर आमच्या डब्यातला रुमालवाला. स्वतः मागून आरामात येतो, पण एक दोस्त आधी चढून सहा जागांवर सहा वस्तू टाकून ठेवतो. रुमाल, डबा, पेपर, चष्म्याची केस. एकदा तर नुसती चावी ठेवली होती. एक बाई नातवाला घेऊन उभ्या. मी म्हटलं, "बसा माय, चावीची जागा आहे, मानसाची नाही." बसल्या. चावीचा मालक सेवाग्रामला आला आणि बुटीबोरीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आम्ही एकाच ऑफिसात आहोत.

---

कस्तुरी

चावी ठेवणं हे वेगळ्याच उंचीवरचं आहे. दंडवत.

---

ऑटोवाल्याचा_पोरगा

तीन दिवसांपासून वाचतोय, ऑटोवाल्याचं नाव अजून कसं आलं नाही याचंच नवल वाटत होतं. येणारच आहे, तर मीच आणतो.

वडिलांनी सत्तावीस वर्षं शेअर ऑटो चालवला. मी आयटीत आहे, मिहानमध्ये. त्यामुळे शिव्या देणारे आणि खाणारे, दोन्ही घरात पाहिलेत.

लोक म्हणतात ऑटो चौकात मधातच थांबतो, हात न दाखवता वळतो. खरं आहे. पण मागच्या सीटवरून काय चालू असतं ते ऐकलंय का? "भाऊ, इथंच, इथंच, बस, बस इथंच!" चौक ओलांडून पन्नास फुटांवर थांबवलं तर मावशी म्हणतात, "एवढ्या उन्हात मांग चालत जाऊ काय?" आणि चिल्लर देताना दोन रुपये कापतात. बाबा म्हणायचे, पॅसेंजरच्या शिव्या परवडत नाहीत, मागच्या गाडीच्या परवडतात. मागची गाडी निघून जाते.

शेअर ऑटोचं गणित सीटवर असतं. एक सीट रिकामी घेऊन निघालं तर त्या फेरीत सुटत नाही. म्हणून तो बर्डीला "मेडिकल, मेडिकल, मेडिकल" करत रांगेत रेंगाळतो आणि मागं अर्धा रस्ता अडतो. थांबायला कुठे नीट जागा आखून द्या, मग बघा. आखलेल्या जागेवर चारचाकी पार्क केलेली असते हा भाग वेगळा.

माझा बडग्या तोच. ऑटोच्या थांब्यावर कार लावून "दोन मिनिटांत आलो" म्हणणारा. इमर्जन्सी लाईट चालू ठेवून. टिकटिक टिकटिक. तो दिवा लावला की जणू कुठेही गाडी लावायचा परवाना मिळतो.

---

बर्डीकर

इमर्जन्सी लाईटचं शंभर टक्के. आमच्या घराजवळ एक लॉन आहे, लग्नसराईत तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चाळीस गाड्या टिकटिक करत उभ्या असतात. दुरून पाहिलं तर वाटतं रोषणाई आहे.

---

सुपारीवाला

पहिल्या पोस्टमधला तो मी नाही, हे आधी सांगतो. पण होऊ शकलो असतो.

वीस वर्षांपासून खर्रा खातो. २०१२ मध्ये गुटखा बंद झाला तेव्हा घरचे म्हणाले आता तरी सुटेल. सुटला नाही. पानठेल्यावर समोर बनवून मिळतो, त्याला पाकीट नाही न काही नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचा. सिग्नलवरच काहून घोटता म्हणाल, तर दोन्ही हात मोकळे फक्त तिथंच असतात. ऑफिसात घोटता येत नाही, घरी बायको, गाडीवर हात हँडलला. साठ-सत्तर सेकंद मिळतात. आमच्यासाठी सिग्नल म्हणजे सुट्टी आहे जी.

आता थुंकण्याचं. मी खाली वाकून, आपल्याच चाकाजवळ, बाजूला कोणी नाही पाहून थुंकतो. कारवाले बघा, एसी चालू, काच बंद, मग अचानक दार वीतभर उघडतं, डोकं बाहेर, पिचकारी, दार बंद. त्यांना वाटते दार उघडलं म्हणजे सभ्यपणा झाला. बाजूच्या गाडीवाल्याच्या पँटीवर काय गेलं ते पाहायची सोय नसते.

मले माहीत आहे तुमी काय लिहिणार. लिहा.

---

कस्तुरी

लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. माझ्या मुलाच्या शाळेच्या कुंपणाची भिंत दर जूनमध्ये पांढरी रंगवतात. गणपतीपर्यंत कमरेखाली तांबडी होते. मुलानं पहिलीत असताना विचारलं होतं, "आई, भिंतीला रक्त का येतं?" आणि त्या पन्न्या. पावसाळ्यात नालीच्या जाळीवर त्यांचाच थर असतो. एक पन्नी केवढी, बोटाएवढी. पण आमच्या गल्लीत पाणी तुंबलं की सफाई करणारे काका फावड्यानं आधी त्याच काढतात.

---

सुपारीवाला

पन्नीचं मान्य आहे. थुंकल्याचंही मान्य आहे. पन्नी मी खिशात ठेवतो आता, दोन वर्षांपासून. बायकोनं पँट धुताना सात निघाल्या म्हणून पुन्हा भांडण झालं, म्हणजे तिकडूनही शिव्याच.

---

आदू_व्हीएनआयटी_नाही

सगळे काका-काकू लोक आहेत इथे, म्हणून एक पोट्ट्यांच्या बाजूनं. मेट्रोत स्पीकरवर रील पाहणारे सगळे तरुण असतात हा गैरसमज आहे. आम्ही इअरफोन घालतो. स्पीकरवर असतात ते पन्नाशीचे. मागच्या शनिवारी एक आजोबा लोकमान्य नगरपासून व्हिडिओ कॉलवर. समोर सून, तिच्या कडेवर बाळ. "बाबू, दात दाखव! आजोबाले दात दाखव!" धरमपेठ कॉलेज स्टेशन येईपर्यंत आख्ख्या डब्यानं त्या बाळाचा पहिला दात पाहिला होता. एका ताईंनी तर विचारलंपण, वरचा आहे का खालचा?

राग यायला पाहिजे होता, आला नाही. त्यामुळे त्यांचा बडग्या करत नाही. माझा बडग्या बॅगवाला. गर्दीत पाठीवरची सॅक न काढणारा. तो वळला की तीन लोक वळतात.

---

निवृत्त_मास्तर

आदित्य असेल किंवा आदेश, जे काही नाव असेल, बाळा, आजोबांचं खरं आहे. आम्हाला कानात ते घालून ऐकू कमी येतं. पण स्पीकर लावू नये हे बरोबर.

आणखी एक गोष्ट कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. दिवसा माझ्या नव्या स्कूटरचा पुढचा दिवा चालू दिसला की रस्त्यातला प्रत्येक माणूस पंजा उघड-मीट करून मला खूण करतो. प्रत्येक! एकदा तर एक गृहस्थ दोन चौक पाठलाग करत आले, घामाघूम, "काका, लाईट, लाईट!" १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नसतं. हे मी सुरुवातीला थांबून समजावून सांगत असे. आता नुसती मान डोलावतो, जणू बंद करणार आहे.

आणि हीच भली माणसं रात्री समोरून हाय बीम पाडून येतात! नव्या पांढऱ्या एलईडीचा झोत डोळ्यांत गेला की दोन-चार सेकंद काही दिसत नाही. आमच्या वयात, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रकाश डोळ्यातच पसरतो, त्याहून वाईट. मग रस्त्याच्या कडेला थांबावं लागतं. दिवसाच्या दिव्याची एवढी काळजी असलेल्या माणसांना रात्रीचं डिपर सापडत नाही.

---

चिल्लर_पार्टी

मास्तर, मी तो दोन चौकवाला नाही पन असा हात मी रोज दहा जनायले दाखवतो. बटनच नसते हे मले आज समजलं. एवढे वर्ष झाले! एकानं बी सांगितलं नाही, सगळे मान डोलावते.

---

वर्धा_अपडाऊन

😂😂 चिल्लर भाऊ, सांगणारे होते, ते सगळे आता मास्तरांसारखे झाले.

---

बर्डीकर

हॉर्नबद्दल अजून कोणी बोललं नाही याचं आश्चर्य आहे.

---

चिल्लर_पार्टी

हॉर्नचा बडग्या कराचा म्हनलं त आख्ख्या नागपूरचा करा लागन. हॉर्न म्हनजे काही शिवी नाही न भाऊ. आपन "मी आलो" म्हनतो. आंधळ्या वळनावर दिला नाही त कोनी येऊन धडकन.

---

कस्तुरी

आंधळं वळण ठीक. पण सिग्नल हिरवा व्हायच्या तीन सेकंद आधी मागचा कोणाला "मी आलो" सांगतो? आम्ही सगळे तिथेच आहोत ना. माझं ऑफिस कोर्टाजवळ आहे. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे हॉर्न चालत नाही. पाटीवर हॉर्नचं चित्र काढून त्यावर लाल काट मारलेली. त्या पाटीला टेकून एक स्कूलव्हॅनवाला रोज दुपारी हॉर्न देतो, मुलांना बोलवायला. प्रत्येक मुलाचा वेगळा ठेका आहे म्हणे. पोंऽ पों पों म्हणजे दुसरीतली ती दोन वेण्यांची.

---

ऑटोवाल्याचा_पोरगा

कोणी मे महिन्याबद्दल लिहा रे. नागपूरच्या रस्त्याचा धागा आणि ऊन नाही?

बाकी शहरात सिग्नलला गाड्या स्टॉप लाईनवर थांबतात (थांबत नाहीत, पण समजा). नवतपात, त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे सावलीत थांबतात. पंचेचाळीस डिग्री, डांबर उकळून राहिलंय, सिग्नल अजून शंभर फूट पुढे, आणि सगळ्या दुचाक्या कडुलिंबाखाली. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाची सावली पडते ना, दुपारी चारनंतर ती रस्त्यावर आडवी येते, गाडीच्या रुंदीची. त्या पट्ट्यात एकाला लागून एक दहा गाड्या, शाळेत उभं केल्यासारख्या. पट्ट्याबाहेर मोकळा रस्ता, तिथे कोणी नाही. चौकात हिरव्या जाळ्या लावतात तेव्हा जाळीखाली कोंबाकोंबी. पोरी डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेल्या, माणसं ओला रुमाल टोपीखाली, आणि त्या वेळी कोणी कोणाला पुढं हो म्हणत नाही.

---

निवृत्त_मास्तर

अगदी खरं निरीक्षण. मे महिन्यात मीही लाईनच्या पुष्कळ मागे, झाडाखाली थांबतो. नियमात बसतं की नाही माहीत नाही, लाईनच्या मागे तर आहे.

---

बर्डीकर

एक मिनिट. हे वाचताना मला आत्ता काहीतरी आठवलं आणि बरं वाटलं नाही.

तो चौक. जिथे मला खर्रेवाला भेटला. तिथे लेफ्टच्या कोपऱ्यावर एक मोठं कडुलिंब आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी जाताना मला सरळ जायचं असतं आणि मी त्याच्याखाली थांबतो. म्हणजे डावीकडे. रोज. मागचे हॉर्न देतात, मी म्हणतो काय माणसं आहेत, दोन मिनिटं सावली सहन होत नाही.

---

सुपारीवाला

🙏

---

चिल्लर_पार्टी

भाऊ, साईड स्टँड लावला का नाही, एवढं सांगा.

---

बर्डीकर

नाही लावला.

...एकदा, पाण्याची बाटली काढायला.

---

सिव्हिल_लाईन्स

सगळ्यांचं वाचलं. डिसेंबरात या आमच्याकडे. हिवाळी अधिवेशन, बॅरिकेड, मोर्चे. दूध आणायला जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. माझा बडग्या कोणी माणूस नाही, लोखंडी कठडा आहे. चालत असेल तर नोंदवा.

---

बर्डीकर (रविवार, संध्याकाळी)

मोजणी केली. लेफ्ट अडवणारा सहा (माझं मत मी मागे घेतलंय, तेव्हा पाच). मेट्रोच्या दारातला चार. इमर्जन्सी लाईट चार. थुंकणारा सात, सुपारीवाल्यांनी स्वतः मत दिलंय. हाय बीम तीन. रुमालवाला, बॅगवाला, व्हॅनचा हॉर्न प्रत्येकी एक. लोखंडी कठडा एक.

थुंकणारा जिंकला. पाटी सुचवा. घोषणा आपल्या चालीत बसली पाहिजे.

---

कस्तुरी

"भिंत रंगवे, पन्नी फेके, घेऊन जा गे मारबत!"

---

वर्धा_अपडाऊन

"वीतभर दार उघडणाऱ्याला घेऊन जा गे मारबत!" जास्त लांब झालं का?

---

निवृत्त_मास्तर

कस्तुरीताईंची चालीत बसते. पुणेकर असूनही.

---

चिल्लर_पार्टी (तान्हा पोळा, दुपारी)

लाईव्ह टाकून राह्यलो. गांधीबागच्या अलीकडं फसलो. पुढं मारबत पाहाले चाललेली गर्दी, मांग एक पिकअप, अन् तो हॉर्न मारून राह्यला. कोनाले? मारबतले! मी म्हनलं, "भाऊ, ते नाही सरकनार, ते आपल्यालेच घेऊन जाते."

---

चिल्लर_पार्टी

आता ऐका. एक पोट्टं, पाच-सहा वर्षाचं, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन रस्ता ओलांडून राह्यलं. बैलाले चाकं, गळ्यात झेंडूची माळ, दोरीनं ओढून राह्यलं. ऐन मधात बैलाचं चाक निखळलं. पोट्टं तिथंच बसलं चाक लावत. आजी कडेवरून ओरडून राह्यली. दोन्ही कडून गाड्या थांबल्या, अन् तुमाले सांगतो, एकानं बी हॉर्न नाही मारला. पिकअपवाल्यानं बी नाही.

मंग माह्या बाजूचा एक मोटारसायकलवाला, गाल फुगलेला, पूर्न भरलेला, स्टँड लावून उतरला. (साईड स्टँड, बर्डीकर भाऊ.) त्यानं खिशातून पन्नी काढली, दातानं तिची दोरी फाडली, अन् चाक खिळ्याले बांधून देलं. बैल चालला. पोट्टं गेलं.

---

कस्तुरी

आणि तो थुंकला का?

---

चिल्लर_पार्टी

थुंकला न. पन रस्ता ओलांडून, नालीत.